पत्र एक पान, भाषांतर चार शब्द

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या चिनी कुटुंबांवरच्या इंग्रजी लघुकथांबद्दल लिहिलं. त्यावर नऊ पत्रं आली. या सदराच्या हिशेबाने नऊ म्हणजे पुष्कळ. त्यातली पाच इथे घेतली आहेत. दोन नुसती कौतुकाची होती, ती माझ्या खणात गेली. उरलेल्या दोघांबद्दल शेवटी.

नव्या वाचकांसाठी: न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात एका सार्वजनिक वाचनालयाच्या काउंटरवर मी 11 वर्षं काम केलं. 7 नंबरच्या ट्रेनचं शेवटचं स्टेशन फ्लशिंग, तिथे चिनी वस्ती मोठी, आणि आमच्याकडे येणारी बरीच मंडळी त्या बाजूची. मला चिनी येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे लिपीबद्दल कुणी विचारायला नको.

प्रश्न : *ताई, तुम्ही सांगितलेल्या कथा मुलाकडून मागवून वाचल्या. 34 वर्षं शाळेत शिकवलं, पण अशा आया पाहिल्या नाहीत. मुलीने काहीही करून दाखवलं तरी कौतुकाचा एक शब्द नाही. हे लेखक आपल्याच आयांची बदनामी करून नाव कमावतात असं वाटतं. (एक निवृत्त शिक्षिका)*

उत्तर : बाई, 34 वर्षांत अशी एकही आई भेटली नाही यावर माझा विश्वास बसत नाही, पण ते राहू द्या.

औपचारिक चिनी बोलण्यात चारचौघांत आपल्या मुलाचा उल्लेख करायचा तर एक जुना नम्रतेचा शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'कुत्र्याचं पोर'. शिवी नव्हे, शिष्टाचार. आणि कुणी तुमची स्तुती केली तर म्हणायचं, 'नाली, नाली', म्हणजे 'कुठे, कुठे'. आपल्या वस्तूला आपणच चांगलं म्हणायचं नसतं, आणि मूल ही आपलीच वस्तू. या शिष्टाचारात वाढलेली आई सॅन फ्रान्सिस्कोत येते. तिची मुलगी वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी जाते, तिथे ती मैत्रीण कागदावर रेघोट्या मारते आणि तिची आई म्हणते, मला तुझा किती अभिमान वाटतो. ही पोर घरी येऊन आपल्या आईकडे बघते. झाली कथा सुरू. दोघींपैकी कुणीच दुष्ट नाही, पण 'शाबास'चा विनिमय दर दोन घरांत वेगळा आहे.

एमी टॅनच्या 'द जॉय लक क्लब'मधली (1989) 'टू काइंड्स' तुम्ही वाचली असेल. मुलगी विलक्षण निघावी म्हणून आई तिला पियानोला घालते. मुलीला नको असतो. शिकवणारे म्हातारे चाँग बहिरे, त्यामुळे ताल सांभाळला की सूर चुकला तरी चालतं, हे पोरीच्या लक्षात येतं आणि ती मजेत चुकीचं वाजवत राहते. पुढे कार्यक्रमात व्हायची ती फजिती होते. या कथेवर बोलणारे सगळे पियानोबद्दल बोलतात. मला मात्र फडकं दिसतं. शिकवणीला पैसे नाहीत, म्हणून ही आई त्या चाँगांचं घर साफ करून फी फेडते. लेखिका हे एका वाक्यात सांगून पुढे जाते. मुलीला वाटतं आई आपल्यावर नुसती ओरडते, आणि दर आठवड्याला ती बाई दुसऱ्याच्या घरची फरशी पुसत असते. भांडणात मुलगी म्हणते, मी मेले असते तर बरं, त्यांच्यासारखी. 'त्या' म्हणजे युद्धातून पळताना आईला चीनमध्येच सोडाव्या लागलेल्या दोन तान्ह्या मुली. आई त्यावर काही बोलत नाही, मागे सरते. मला हे लेखन बदनामीचं वाटत नाही. या भांडणात ज्याची लाज वाटावी असं वाक्य लेखिकेने मुलीच्या तोंडी घातलंय, आईच्या नाही.

एक तक्रार मात्र माझीही आहे. न बोलणारी आई शेवटी फळं कापून ताटलीत आणून ठेवते आणि लेकराला सगळं उमगतं, असा शेवट हल्ली इतक्या नवशिक्या कथांत येतो की ताटली दिसली की मी पान उलटते. पहिल्या कुणीतरी ती खरोखर घरात बघितली असणार. नंतरच्यांनी एकमेकांच्या कथेतून उचलली.

प्रश्न : *तुमच्या लेखात 'कागदी मुलगा' असा शब्द आला होता. तो काय प्रकार? आणि या कथांतले आजोबा आपल्या जुन्या दिवसांबद्दल विचारलं की गप्प का होतात?*

उत्तर : एकाच प्रश्नाचे हे दोन तुकडे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

1882 मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. व्यापारी, विद्यार्थी अशा थोड्यांनाच मुभा राहिली. आणि जो अमेरिकेत जन्मला तो नागरिक, त्याची मुलंही नागरिक. 1906 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, मागोमाग आग लागली आणि सरकारी जन्मनोंदी जळाल्या. आता एखाद्या माणसाने 'माझा जन्म इथलाच, कागद जळाला' म्हटलं तर ते खोटं ठरवायचं कसं? त्यातून वाट निघाली. असा माणूस चीनला जाऊन यायचा आणि परतल्यावर नोंदवायचा, मला मुलगा झाला. कधी झालेला असायचा, कधी नाही. त्या नोंदीच्या जागी पुढे पुतण्या यायचा, भाचा यायचा, किंवा पैसे मोजून गावातला कुणी तरुण. हाच कागदी मुलगा: आडनाव विकतचं, बाप विकतचा.

सरकारलाही हे कळत होतं. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर 1910 ते 1940 या काळात आलेल्यांना अडकवून ठेवत आणि उलटतपासणी घेत. घरासमोर पायऱ्या किती? विहीर किती पावलांवर? तांदळाचा पिंप कुठल्या कोपऱ्यात? गल्लीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? तेच प्रश्न कागदोपत्री बापाला वेगळ्या खोलीत. उत्तरं जुळली नाहीत तर परत बोट. त्यासाठी चक्क वह्या तयार असत, गाइड म्हणा ना, पाठ करायच्या आणि किनारा यायच्या आत समुद्रात फेकायच्या. निकाल लागायला कुणाला आठवडे लागत, कुणाला महिने. कंटाळलेल्या, घाबरलेल्या माणसांनी तिथल्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. त्या अजून आहेत.

आता हा मुलगा आत आला, लाँड्रीत राबला, लग्न झालं, पोरं झाली. पोरांना शाळेत कुठलं आडनाव लावायचं? कागदाचं. घरात सणाला पूर्वजांपुढे कुठलं? खरं. 1943 मध्ये 1882 चा तो कायदा गेला खरा, पण वर्षाला 105 चिनी माणसांचा कोटा ठेवून. 1956 पासून सरकारने 'कबूल करा' योजना काढली. पण एकाने कबूल केलं की त्याच्याबरोबर सगळं गोत उघडं पडायचं, त्यामुळे भीती गेली नाही, उलट घरोघरी नवी भांडणं लागली. कॅलिफोर्नियातल्या जुन्या चिनी कबरींवर कधी कधी इंग्रजीत एक आडनाव असतं आणि चिनीत दुसरं. खरं बोलायला माणूस तिथपर्यंत थांबला.

तेव्हा आजोबा गप्प का, याचं उत्तर 'त्यांचा स्वभाव' हे नाही. ज्याने वीस वर्षांचा असताना स्वतःचं घर विसरून दुसऱ्याच्या घराच्या पायऱ्या पाठ केल्या, त्याला नातीने वहीपेन घेऊन 'तुमच्या लहानपणाबद्दल सांगा ना' म्हटलं, तर त्याच्या कानाला ती उलटतपासणीच वाटणार. नातीला वाटतं म्हाताऱ्याचं आपल्यावर प्रेम नाही. पौर्वात्य माणूस गूढ असतो असली वाक्यं मग समीक्षक लिहितात. गूढ कसलं? बिचाऱ्याला हद्दपारीची भीती होती.

याच काळातली एक कथा आहे. सुई सिन फार या टोपणनावाने लिहिणाऱ्या ईडिथ मॉड ईटनची (1865–1914). वडील इंग्रज, आई चिनी. गोरी म्हणून सहज खपली असती, पण तिने नाव चिनी घेतलं. 1912 च्या तिच्या संग्रहात 'इन द लँड ऑफ द फ्री' आहे. आई चीनहून लहानग्याला घेऊन बोटीने येते, बंदरावर अधिकारी म्हणतात, तुमचे कागद आहेत, बाळाचे नाहीत. बाळ मिशनमध्ये ठेवलं जातं. वकील पैसे मागतो, आई अंगावरचे दागिने देते. 10 महिन्यांनी कागद येतो. आई धावत मिशनमध्ये जाते, आणि मूल तिला पाहून मिशनच्या गोऱ्या बाईच्या झग्यात तोंड लपवतं आणि म्हणतं, जा तू. इंग्रजीत म्हणतं.

दोन पिढ्यांत अंतर पडायला लोक वीस वर्षं धरतात. इथे सरकारी टेबलाने ते 10 महिन्यांत पाडून दिलं.

प्रश्न : *मी गिश जेनची 'हूज आयरिश?' ही कथा मराठीत करते आहे. त्यातली चिनी आजी मोडक्या इंग्रजीत बोलते, म्हणून मी तिला मोडकं मराठी बोलायला लावलं. गटात वाचून दाखवलं तर सगळे हसले आणि शेवटीही हसतच होते. काय करू? मी 19 वर्षांची आहे.*

उत्तर : वय सांगितलंस म्हणून तुला अगं-तुगं करते. तुझ्या प्रश्नावर माझ्याकडे एक गोष्ट आहे.

काउंटरवर एकदा एक चिनी बाई आल्या, बरोबर दहा-अकरा वर्षांचा मुलगा. त्यांनी शाळेचं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि वाचून दाखवा अशी खूण केली. मी मोठ्याने वाचलं. मुलाने मारामारी केली, दोन दिवस सस्पेंड, पालकांनी अमुक दिवशी येऊन भेटावं. चांगलं पानभर होतं. वाचून झाल्यावर त्या मुलाकडे वळल्या. मुलाने चार शब्दांत संपवलं. मला चिनी येत नाही, पण लांबी कळते. त्यांनाही कळली. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पुस्तकांची चळत सरळ करत बसले. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा, असं तेव्हा वाटलं.

आठवड्याने त्या एकट्याच आल्या. तेच पत्र, चौघडी घालून घालून मऊ झालेलं. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक चिनी अक्षरं. शब्दकोश घेऊन अख्खं पान काढलं होतं. फक्त एका शब्दाखाली दोन रेघा: सस्पेंड. त्यांनी स्वतःच्या कॉलरमागे हात नेऊन वर उचलल्यासारखं केलं. शब्दकोशात पहिला अर्थ 'टांगणे' होता! मी हातवारे करून सांगितलं: शाळा नाही, घरी, टू डेज. त्या हसल्या. मग हसू थांबलं आणि मान वळवून त्यांनी आमच्या बालविभागाकडे पाहिलं. तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. आदल्या आठवड्यात दोन दिवस, ऐन शाळेच्या वेळेत, तो पोरगा तिथे बीनबॅगवर कॉमिक्स वाचत पडलेला होता आणि मी त्याला दोनदा पाणी कुठे आहे ते सांगितलं होतं.

याच बाई मैत्रिणीशी फोनवर बोलत तेव्हा पलीकडची खो-खो हसताना मला ऐकू यायची. म्हणजे आपल्या भाषेत ही बाई गप्पांची राणी. इंग्रजीच्या दारात शिरली की ती सहा वर्षांची होते आणि तिचा मुलगा चाळिशीचा होतो. भाडेकराराचं पत्र तो वाचतो, डॉक्टरला तो सांगतो, आणि स्वतःच्या शिक्षेचं भाषांतरही तोच करतो. चिनी कुटुंबाच्या कथेत जे भांडण असतं ते 'जुनं विरुद्ध नवं' म्हणून वाचलं की सपाट होतं. घरातला थोरला कोण, हे उंबऱ्याच्या आत आणि बाहेर वेगवेगळं असतं, तिथे बघ.

आता तुझी आजी. 'हूज आयरिश?' सगळी तिच्याच आवाजात आहे. तिने नवऱ्याबरोबर रेस्टॉरंट चालवलंय, तिला माणसं कळतात, ती हुशार आहे आणि थोडी भयंकरही आहे, नातीला काठीने मारण्यापर्यंत जाते. तिचं मराठी लिंगाच्या चुकांनी मोडलंस, 'ती टेबल', 'माझा मुलगी', की आपल्या वाचकाला नाटकातला विनोदी नोकर आठवणार. म्हणून गट हसला. चिनी भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही आणि बोलण्यात 'तो' आणि 'ती' दोन्हींना एकच 'ता' आहे. त्यामुळे तिच्या इंग्रजीत चुका कुठे होतात ते शोध आणि मराठीत त्याचा फक्त वास ठेव. वाक्यं लहान कर. शक्य तिथे वर्तमानकाळ. सर्वनामं गाळ. पण जे लिहिशील ते शुद्ध असू दे. ती म्हणते की 'सपोर्टिव्ह' या शब्दाला चिनीत शब्दच नाही. तो शब्द 'सपोर्टिव्ह' असाच ठेव, अजिबात 'आधार देणारी' करू नकोस, नाहीतर विनोदही गेला आणि दुःखही.

आणि अशा कथांत पात्रं घरात चिनीत बोलत असतील, तिथे मराठी मोकळं वाहू दे. नात्यांच्या शब्दांत तर तुझी चैन आहे. इंग्रजीत सगळ्या 'आंट', चिनीत आपल्यासारखंच मावशी निराळी, आत्या निराळी, मामा-काका निराळे. उलट वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांना चिनीत दोन स्वतंत्र शब्द आहेत, तिथे आपल्याला 'थोरले काका' म्हणून वेळ मारून न्यावी लागते. फक्त 'आजी' लिहिताना सांभाळ. तुझ्या वाचकाच्या डोळ्यापुढे लगेच नऊवारी येईल. दक्षिण चीनमधल्या कँटनकडच्या कुटुंबात आईच्या आईला 'पोपो' म्हणतात. कथा तिकडची असेल तर तेच ठेव, दोन पानांत सवय होते.

प्रश्न : *स्पष्ट लिहितो. आई, स्वयंपाक, चीनमधलं गुपित, शेवटी पत्र. या कथांचा साचा ठरलेला आहे आणि तो गोऱ्या वाचकांसाठी आहे. तुम्ही उगाच डोक्यावर घेता.*

उत्तर : हा आरोप तुमच्याआधी चिनी अमेरिकनांनीच केलाय, आणि तुमच्यापेक्षा कडक शब्दांत. नाटककार फ्रँक चिन यांनी मॅक्सीन हाँग किंग्स्टन ('द वुमन वॉरियर', 1976) आणि पुढे एमी टॅन यांच्यावर 1991 मध्ये लांबलचक निबंध लिहून जोरदार हल्ला चढवला: चिनी दंतकथा मोडूनतोडून खोट्या केल्या, चिनी पुरुषाला खलनायक केलं, गोऱ्यांना हवं ते पुरवलं. मला ते अर्धं पटतं. दंतकथा कुणी बदलू नये हे पटत नाही. साच्याबद्दल मात्र ते आणि तुम्ही दोघेही बरोबर आहात.

पण यियुन ली वाचा. बीजिंगला जन्म, 1996 मध्ये इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशास्त्र) शिकायला आयोवात आली आणि इंग्रजीत कथा लिहू लागली. 'अ थाउजंड इयर्स ऑफ गुड प्रेअर्स' (2005) या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेत घटस्फोट झालेल्या मुलीकडे चीनहून वडील येतात. तिला सावरायला. मुलगी जेवताना बोलत नाही. रात्री फोनवर मात्र ती कुणाशी तरी इंग्रजीत बोलत असते, आणि म्हाताऱ्याला वाटतं, हा आवाज आपण कधी ऐकलाच नाही. ती त्याला सांगते ते असं: ज्या घरात मनातलं बोललंच गेलं नाही, त्या घरच्या भाषेत आता कसं बोलू? नव्या भाषेत सोपं जातं. म्हणजे साच्याच्या बरोबर उलट. इथे चिनी ही जिव्हाळ्याची भाषा नाहीच, अबोल्याची आहे. आणि हा अबोला बापाने घरात आणलेला, त्यामागे नोकरीतली एक जुनी बदनामी. हा म्हातारा रोज पार्कात एका इराणी बाईशी गप्पा मारतो, दोघांचं इंग्रजी जेमतेम, अर्धं बोलणं आपापल्या भाषेत. आणि त्यांचं छान जमतं. पोटच्या मुलीशी नाही जमत.

'हा जिन' नावाच्या लेखकाचा 'अ गुड फॉल' (2009) हा संग्रह पण बघा, सगळ्या कथा फ्लशिंगमधल्या. त्यात नातवंडांना आपली चिनी नावं बदलायची असतात आणि आजोबांचा तिळपापड होतो, अशी एक कथा आहे. दंतकथा नाही, ड्रॅगन नाही. घराचा हप्ता, सासू-सून, नावं. आमच्या काउंटरसमोरच्या रांगेतून उचलल्यासारखी माणसं.

प्रश्न : *एकच कथा वाचायची तर कुठली? केन ल्यूची 'द पेपर मेनॅजरी' सगळे सुचवतात.*

उत्तर : सुचवणारच. 2011 ची, ह्यूगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी हे तिन्ही पुरस्कार मिळालेली. आई भेटवस्तूच्या कागदाचा वाघ करते, त्यात फुंकर घालते आणि तो जिवंत होतो. पोरगा मोठा झाल्यावर म्हणतो, इंग्रजीत बोल, नाहीतर मी उत्तर देणार नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण शेवटी जे पत्र आहे (आधीच्या वाचकांनी हसू नये) ते इतकं सगळं समजावून सांगतं की आपल्याला काही करायला उरत नाही. म्हणून ती दुसरी वाचा. पहिली सुई सिन फारची. 1912 च्या पुस्तकाचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, इंटरनेटवर फुकट आहे, आणि एका बैठकीत होते.

आता राहिलेले दोघे. ज्यांनी चिनी आईवर स्वतः लिहिलेली कथा पाठवली त्यांना: सहाव्या पानावर फळांची ताटली आहे. ती काढा आणि पुन्हा पाठवा. आणि ज्यांनी विचारलंय की वाचनालयाचं पुस्तक मुदत उलटून गेल्यावर परत करायला लाज वाटते, काय करावं, त्यांना: काउंटरवरची माणसं तारीख बघतात, तोंड बघत नाहीत. नेऊन द्या.